रक्तवाहिनी शिवायला शिकवणारे डॉक्टर

भांडगावच्या शिवारात पाइपलाइन फुटली, तर दुरुस्तीला फार वेळ लागत नाही. फुटका तुकडा कापायचा, नवा तुकडा घ्यायचा, सोल्युशन लावून कपलिंग बसवायचे आणि मोटर सुरू करायची. सांध्यावर आतून थोडी कडा राहिली, पाइप जरा खडबडीत असला, तरी उसाला पाणी पोचते. दौंड-शिरूर भागातल्या शेतकऱ्याला हे काम कुणी शिकवावे लागत नाही. मग शरीरातली रक्तवाहिनी तुटली किंवा बंद पडली, तर तीही अशीच का जोडता येऊ नये, असा प्रश्न कुणालाही पडेल. डॉक्टरांनाही तो पिढ्यान् पिढ्या पडत होता. त्याचे खात्रीचे उत्तर मिळाले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ते शोधणाऱ्या डॉक्टरांनी त्यासाठी भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून सुईकाम शिकून घेतले होते.

त्यांचे नाव ॲलेक्सिस कॅरेल. आज हृदयाची बायपास होते, मूत्रपिंड बसवले जाते, डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केला जातो. या साऱ्यांच्या मुळाशी कॅरेल यांचा टाका आहे. त्यांचे आयुष्य मात्र केवळ गौरवगाथा म्हणून सांगता येत नाही. त्यात मोठे शोध आहेत, एक मोठी शास्त्रीय चूक आहे आणि एक काळा अध्यायही आहे.

राष्ट्राध्यक्षांची जखम

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या सेंट-फॉय या गावी झाला. लिऑन हे रेशमाचे शहर. आपल्याकडे पैठणीसाठी येवल्याचे नाव घ्यावे, तसे युरोपात रेशमासाठी लिऑनचे नाव घेतले जाई. कॅरेल यांचे वडीलही कापडधंद्यातलेच. मुलगा लहान असतानाच ते वारले आणि पुढे मुलाने वडिलांचेच नाव लावले. शाळा संपल्यावर त्यांनी लिऑनमध्येच वैद्यकीय शिक्षण घेतले.

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिऑनच्या भेटीवर आले असताना गर्दीतल्या एका हल्लेखोराने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. त्या घावात यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. शहरातले नामांकित शल्यचिकित्सक जमा झाले, पण फाटलेली मोठी रक्तवाहिनी शिवायची कशी, हे त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात राष्ट्राध्यक्षांचा मृत्यू झाला. कॅरेल तेव्हा वीस वर्षांचे विद्यार्थी होते. आतडे शिवता येते, कातडी शिवता येते, मग रक्तवाहिनी का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

त्या काळी रक्तवाहिनी कापली गेली की ती बांधून टाकणे, हा हमखास उपाय होता. रक्त थांबायचे, पण पुढच्या भागाला रक्तच न मिळाल्यामुळे अनेकदा हात किंवा पाय गमवावा लागायचा. काही डॉक्टरांनी टाके घालून पाहिले होते. काहींनी धातूच्या कड्या वापरून टोके जोडली होती. पण जाड सुईच्या भोकांतून रक्त झिरपे, नाहीतर सांध्यावर रक्ताची गुठळी होई आणि जोडलेली वाहिनी काही तासांत किंवा दिवसांत बंद पडे.

सुईकामाची शिकवणी

अडचण हत्यारांत आहे आणि हातातही आहे, हे कॅरेल यांनी ओळखले. शस्त्रक्रियेच्या सुया या कामासाठी फारच जाड होत्या. म्हणून त्यांनी वैद्यकीय दुकाने सोडली आणि शिवणकामाच्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडून अगदी बारीक सुया आणि रेशमी धागा मिळवला. लिऑनमधल्या निष्णात भरतकाम करणाऱ्या मादाम लेरूदिए यांच्याकडून त्यांनी बारीक टाका घालायचे तंत्र शिकून घेतले. एका तरुण डॉक्टरने सुईकाम शिकायला कारागिराच्या हाताखाली बसावे, हे त्या काळात चमत्कारिकच होते.

१९०२ मध्ये त्यांनी आपली पद्धत लिऑनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती कुणालाही समजेल इतकी साधी आहे. रक्तवाहिनीचे कापलेले तोंड गोल आणि लिबलिबीत असते. ते शिवताना सुई समोरच्या भिंतीतून जाऊन मागच्या भिंतीतही अडकण्याची भीती असते. कॅरेल यांनी दोन्ही टोकांना जोडणारे तीन टाके सारख्या अंतरावर घातले आणि त्यांचे धागे तीन दिशांना ताणले. गोल तोंडाचा त्रिकोण झाला. आता शिवायच्या उरल्या तीन सरळ कडा, आणि सरळ कड शिवणे शिंप्याला काय आणि डॉक्टरला काय, सोपेच.

खरी कमाल मात्र पुढच्या बारकाव्यांत होती. त्यांनी कडा किंचित बाहेरच्या बाजूला वळवल्या, म्हणजे एका टोकाचे आतले अस्तर दुसऱ्या टोकाच्या आतल्या अस्तराला भिडले. रक्ताला वाटेत धागा किंवा कापलेली कड शक्य तितकी कमी लागावी, याची काळजी घेतली. सुई आणि धागा व्हॅसलिनमध्ये बुडवून घेतला, म्हणजे भोक लहान राही आणि धाग्यावर रक्त गोठत नसे. वाहिनी चिमट्याने दाबायची नाही, तिला कोरडे पडू द्यायचे नाही आणि जंतूंचा शिरकाव अजिबात होऊ द्यायचा नाही, हे त्यांचे नियम होते.

या सगळ्या नियमांचा गाभा एकच होता. रक्तवाहिनी म्हणजे निव्वळ नळी नव्हे. तिच्या आतल्या अस्तराला धक्का लागला की रक्त तिथे थबकते आणि गोठते. ते अस्तर नेमके काय करते, याचे रसायन कॅरेल यांच्या काळी कुणालाही माहीत नव्हते. तरी त्याला जपले पाहिजे, हे त्यांच्या हाताला कळले होते.

मायदेश सोडावा लागला

याच १९०२ साली कॅरेल लूर्द या तीर्थक्षेत्री निघालेल्या रुग्णांच्या गाडीबरोबर डॉक्टर म्हणून गेले. तिथे पोटाच्या क्षयाने मरणाच्या दारात असलेली एक तरुणी त्यांच्या डोळ्यांसमोर बरी झाली. त्यांनी जे पाहिले ते सांगितले. धर्मगुरूंना त्यांचा सूर फार शंकेखोर वाटला आणि लिऑनच्या वैद्यकीय वर्तुळाला तो फार श्रद्धाळू वाटला. दोन्ही बाजूंची नाराजी ओढवल्यावर त्या शहरात रुग्णालयातली पक्की जागा मिळण्याची आशा मावळली.

१९०४ मध्ये त्यांनी फ्रान्स सोडले आणि कॅनडातील माँट्रियल गाठले. तिथून ते शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचले. तिथे त्यांना चार्ल्स गथ्री हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ सहकारी म्हणून लाभले. पुढच्या दोनेक वर्षांत या जोडीने प्राण्यांवर इतके प्रयोग केले की आजच्या प्रत्यारोपणशास्त्राची निम्मी अनुक्रमणिका त्यांत सापडते. कुत्र्याचे मूत्रपिंड काढून पुन्हा बसवणे, थायरॉइड ग्रंथी बसवणे, एका कुत्र्याचे हृदय दुसऱ्याच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडून धडधडते ठेवणे, असे बरेच काही त्यांनी केले. धमनीचा तुकडा काढून तिथे शिरेचा तुकडा बसवला, तर तो टिकतो आणि वाढत्या दाबाला तोंड देण्यासाठी त्याची भिंत जाड होत जाते, हेही त्यांनी दाखवले. आज पायातली शीर काढून हृदयावर बायपास म्हणून बसवतात, तिचे मूळ याच प्रयोगांत आहे.

१९०६ मध्ये कॅरेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथल्या त्यांच्या शस्त्रक्रियागृहात डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांचे कपडेही काळे असत. १९१० मध्ये त्यांनी कुत्र्याच्या हृदयावर बायपासचा प्रयोग करून त्याची हकिकत छापली. माणसाच्या हृदयावर पायातली शीर वापरून बायपास रुळायला १९६७ साल उजाडावे लागले. ते काम अमेरिकेत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यचिकित्सकांनी केले.

१९०८ मधली एक घटना तर कादंबरीत शोभावी अशी. न्यूयॉर्कमधल्या एका शल्यचिकित्सकांच्या नवजात मुलीला रक्तस्राव सुरू झाला आणि तो थांबेना. कॅरेल प्राण्यांवर प्रयोग करणारे. माणसांवर उपचार करण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. तरी रात्री त्यांना बोलावून नेण्यात आले. त्यांनी वडिलांच्या मनगटातली धमनी बाळाच्या पायातल्या बारीक शिरेला शिवली आणि वडिलांचे रक्त थेट बाळात वाहू लागले. पांढरेफटक पडलेले बाळ गुलाबी झाले आणि जगले. आज जन्मल्याबरोबर बाळाला व्हिटॅमिन केचे इंजेक्शन देतात, ते नवजात बाळांमधला असाच रक्तस्राव टाळण्यासाठी.

१९१२ मध्ये रक्तवाहिन्यांचे टाके आणि रक्तवाहिन्या व अवयवांचे प्रत्यारोपण या कामासाठी कॅरेल यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. शिकागोतले भागीदार गथ्री यांचे नाव त्यात नव्हते. त्यांच्यावर अन्याय झाला, असे मानणारे आजही आहेत.

तोच टाका, आपल्या हातावर

हा इतिहास पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांनाही जवळचा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जावे लागते. प्रत्येक वेळी मोठ्या प्रमाणावर रक्त बाहेर काढून, शुद्ध करून आत सोडायचे, तर नेहमीची बारीक शीर पुरत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना शिवतात. धमनीच्या दाबाने शीर काही आठवड्यांत फुगते, तिची भिंत जाड होते आणि ती सुया टोचण्यासाठी तयार होते. यालाच फिस्टुला म्हणतात. ही पद्धत १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्यामागचे तत्त्व मात्र कॅरेल आणि गथ्री यांच्या शिरेच्या प्रयोगांचेच आहे.

फिस्टुलावर बोट ठेवले की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर जाणवते. ती रोज तपासावी. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्ताचा नमुना घेऊ देऊ नये, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये, उशाखाली तो हात घेऊन झोपू नये आणि त्या हाताने जड ओझे उचलू नये. थरथर थांबली, तर गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेत पोचल्यास फिस्टुला वाचण्याची शक्यता असते.

अवयव जोडण्याच्या कामातही तोच टाका लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. जगातले पहिले हृदय प्रत्यारोपण होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. हृदय जोडले गेले, पण रुग्ण काही तासच जगला. शिवणे जमले तरी शरीर परका अवयव सहजासहजी स्वीकारत नाही. कॅरेल यांनीही प्राण्यांमध्ये हेच पाहिले होते. त्याच प्राण्याचे मूत्रपिंड परत बसवले तर ते चाले, दुसऱ्याचे बसवले तर काही दिवसांत निकामी होई. टाक्यात दोष नाही, दुसरेच काहीतरी आड येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. त्यावरची औषधे मिळायला पुढची अनेक दशके जावी लागली.

काचेची नळी आणि न मरणारे हृदय

स्वतःची शीर वापरता येते. पण ती नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न. अनेकांच्या पायातल्या शिरा फुगलेल्या किंवा फार बारीक असतात, काहींच्या आधीच्या शस्त्रक्रियेत वापरून झालेल्या असतात. कॅरेल यांनी कृत्रिम नळीही करून पाहिली. कुत्र्यांच्या छातीतल्या मुख्य धमनीत त्यांनी काचेच्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या. काच तर किती गुळगुळीत! तरीही शेवटी रक्त गोठण्याची अडचण सुटली नाही. गुळगुळीतपणा पुरेसा नाही, हा त्या प्रयोगांचा धडा होता.

त्याच सुमारास त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे काम हाती घेतले. जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा एक तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून त्याला पोषण देणे सुरू झाले. त्यातून वाढलेल्या पेशी त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे सांभाळल्या. पेशी मुळात अमर असतात, असे त्यावरून जगभर मानले गेले. वर्तमानपत्रे त्या तुकड्याच्या बातम्या छापत. १९६१ मध्ये अमेरिकेतील लिओनार्ड हेफ्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की माणसाच्या सामान्य पेशी साधारण ५० वेळा विभागल्या की थांबतात. कॅरेल यांच्या भांड्यात पोषणाबरोबर नव्या पेशी मिसळल्या जात असाव्यात, असा संशय त्यानंतर बळावला. नोबेल मिळवलेल्या माणसाचा शब्द म्हणून एक चूक जवळजवळ अर्धे शतक टिकली.

दरम्यान पहिले महायुद्ध झाले. कॅरेल फ्रेंच सैन्यात डॉक्टर म्हणून परतले. पेनिसिलिन अजून सापडायचे होते आणि साध्या जखमा चिघळून जवान दगावत होते. हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सौम्य केलेले क्लोरिनयुक्त द्रावण तयार केले आणि कॅरेल यांनी रबरी नळ्यांनी ते दर दोन तासांनी जखमेत सोडण्याची पद्धत बसवली. कितीतरी हातपाय त्यामुळे वाचले. १९३५ मध्ये त्यांनी अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्यासोबत काचेचा पंप बनवला. शरीराबाहेर काढलेला अवयव त्यात द्रव फिरवून जिवंत ठेवता येई.

काळा अध्याय

१९३५ सालीच कॅरेल यांचे माणसाविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते अनेक भाषांत खपले. त्यात त्यांनी माणसांची उच्च आणि हीन अशी वर्गवारी केली. सशक्त वंशांची निपज वाढवावी, असे मांडले. काही प्रकारच्या गुन्हेगारांना आणि मनोरुग्ण गुन्हेगारांना विषारी वायूने संपवावे, असेही त्यात सुचवले होते. जर्मनीत नाझी राजवट अशाच विचारांवर चालत होती आणि पुढे काय घडले, ते जगाने पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर कॅरेल मायदेशी परतले. १९४१ मध्ये नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या पाठबळावर त्यांनी मानवी प्रश्नांच्या अभ्यासाची एक संस्था उभारली. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले आणि त्यांच्यावर सहकार्याचा आरोप आला. खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. लिऑनमधल्या एका वैद्यकीय विद्याशाखेला नंतर त्यांचे नाव देण्यात आले होते. १९९६ मध्ये ते काढून टाकण्यात आले.

कुत्र्याच्या धमनीच्या अस्तराला चिमटा लागू नये म्हणून जपणाऱ्या या माणसाला दुबळ्या माणसांबद्दल तेवढी कणव वाटली नाही. एका क्षेत्रातला थोरपणा दुसऱ्या क्षेत्रातल्या मताला खरेपणा देत नाही, हे त्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे. नामवंत डॉक्टरांच्या नावावर फिरणारे कुठलेही मत स्वीकारताना ते लक्षात ठेवावे.

कापड, टेफ्लॉन आणि जेल

कॅरेल यांचा अर्धवट राहिलेला प्रश्न पुढच्यांनी उचलला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूरहीस या तरुण डॉक्टरांना कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेला रेशमाचा एक टाका दिसला. त्याच्यावर चकचकीत पातळ थर चढला होता. शरीर धाग्यावर स्वतःचे अस्तर चढवू शकते, तर विणलेल्या कापडाची नळी का चालू नये, असा विचार त्यांनी केला. १९५२ मध्ये त्यांच्या गटाने कृत्रिम धाग्याच्या कापडी नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यचिकित्सक मायकेल डिबेकी नायलॉन आणायला दुकानात गेले. नायलॉन संपले होते म्हणून त्यांनी डेक्रॉन हे पॉलिस्टरचे कापड घेतले आणि घरच्या शिलाई मशिनवर नळी शिवली, ही गोष्ट वैद्यकात प्रसिद्ध आहे. पोटातल्या मोठ्या धमनीसाठी पॉलिस्टरच्या नळ्या आजही वापरतात. पुढे टेफ्लॉनच्या कुळातल्या पदार्थाच्या नळ्या आल्या. चिकटू नये म्हणून तव्याला ज्याचा लेप देतात, तोच हा पदार्थ.

या नळ्या रुंद रक्तवाहिन्यांत चांगल्या चालतात, कारण तिथे रक्त जोरात वाहते. पण व्यास सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की त्या लवकर बंद पडू लागतात. हृदयाच्या धमन्यांचा व्यास साधारण २ ते ४ मिलिमीटरच असतो. म्हणून आजही बायपाससाठी रुग्णाच्याच पायातली शीर किंवा छाती-हातातली धमनी काढावी लागते. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्यासाठी दुकानात मिळणारी भरवशाची बारीक नळी अजून नाही.

अडचण पुन्हा अस्तराचीच आहे. निरोगी रक्तवाहिनीच्या आत एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. या पेशी रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन, कौलांसारख्या शिस्तीत बसलेल्या असतात. त्या नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायने सोडतात. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्तातल्या प्लेटलेट पेशी भिंतीला चिकटत नाहीत. काचेकडे किंवा टेफ्लॉनकडे हे काम करणारे काही नाही. शिवाय ताठ नळी आणि लवचीक धमनी यांच्या सांध्यावर प्रत्येक ठोक्याला ओढाताण होते आणि तिथली भिंत जाड होत जाते.

म्हणून आता संशोधक हायड्रोजेलकडे वळले आहेत. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी, जाळीसारखी रचना असलेली लवचीक वस्तू. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स हे त्याचे घरोघरी पोचलेले उदाहरण. चेकोस्लोव्हाकियातील ओट्टो व्हिख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून घरी यंत्र जोडून त्या लेन्स बनवल्या होत्या. कोरडवाहू शेतात ओल टिकवण्यासाठी मातीत मिसळतात ते दाणेही याच जातकुळीचे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जेलवर अनेक वर्षे काम केले आहे. तुटले तरी आपोआप सांधणारे एक जेल २०१२ मध्ये जगापुढे आले, त्या संशोधनातही या प्रयोगशाळेचा सहभाग होता.

जेलची नळी धमनीसारखी मऊ आणि लवचीक करता येते. पण काही जेल इतकी निसरडी असतात की त्यांवर अस्तराच्या पेशीही टिकत नाहीत. इथे पृष्ठभागावरच्या नक्षीची युक्ती कामी येते. जेल ओतण्याच्या साच्यावर आधीच अतिसूक्ष्म खाचा कोरतात. त्यांची रुंदी एक-दोन मायक्रोमीटर असू शकते, तर केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. जेल घट्ट झाले की त्या खाचा नळीच्या आतल्या बाजूवर उमटतात. पेशी चिकटण्यासाठी काही प्रथिनांचे तुकडेही त्यावर जोडतात. सरी पाडलेल्या वाफ्यात रोपे ओळीने लागावीत, तशा पेशी खाचांच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसू लागतात. उद्देश असा, की त्यांनी नळी लवकर झाकावी आणि प्लेटलेटला चिकटायला जागा मिळू नये. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठासह काही ठिकाणी असे प्रयोग सुरू आहेत. ते अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहेत. अशी नळी बसवून देतो, असे आज कुणी रुग्णाला सांगत असेल, तर सावध राहावे.

तोवर जन्मापासून मिळालेले अस्तर जपणे आपल्या हातात आहे. तंबाखू आणि विडी-सिगारेट, बेफिकिरीने वाढू दिलेली साखर आणि औषधाविना सोडलेला रक्तदाब हे त्याचे मोठे शत्रू आहेत. तंबाखू सोडणे, रोज चालणे, साखर आणि रक्तदाब वेळेवर तपासणे आणि सुरू असलेली गोळी मनाने बंद न करणे, एवढे केले तरी बायपासची वेळ टळू शकते किंवा लांबू शकते.

कॅरेल यांची माणसांविषयीची मते जगाने टाकून दिली, त्यांचे अमर हृदय खोटे ठरले आणि त्यांच्या काचेच्या नळ्या इतिहासजमा झाल्या. टिकले ते सुईकाम शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे निरीक्षण. रक्तवाहिनीचे आतले अस्तर दुखावू नका, म्हणजे रक्त वाहत राहील, एवढेच ते होते. आजचे शास्त्रज्ञ जेलवर मायक्रोमीटरच्या खाचा कोरतात, तेव्हा तेही त्याच सूत्रावर काम करत असतात.